हेडली पोलग्लेझच्या अ‍ॅम्प्लिफायरमधली वाळू

ॲडलेडपासून दूरच्या आमच्या मून्टा गावात हेडली पोलग्लेझला मूर्ख कुणीच म्हणणार नाही. हट्टी मात्र सगळे म्हणतील, आणि तेही त्याच्या तोंडावर. बंदरावरच्या बॉयलर-वर्कशॉपात त्यानं उभी हयात काढली. निवृत्तीच्या दिवशी साहेबानं हातात हात दिला, सगळ्यांनी बिअर प्यायली, आणि त्याच आठवड्यात ह्या गृहस्थानं बैठकीतला रेडिओग्राम ढकलत ढकलत मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेला आणि त्याचे सगळे स्क्रू काढून टाकले.

आता हा रेडिओग्राम त्याचा असता तर गोष्ट वेगळी. तो होता त्याच्या बायकोचा, आयव्हीचा. तिच्या बापानं लग्नात दिलेला. आत काचेचे व्हॉल्व्ह, वर रेकॉर्ड लावायची सोय, आणि आकार बाईच्या कपड्यांच्या कपाटाएवढा. जरा खरखरत होता, एवढाच त्याचा गुन्हा. पण दर रविवारी जेवणाची भांडी आवरली की आयव्ही त्याच्यावर नाचाच्या बँडची रेकॉर्ड लावायची आणि खिडकीशी बसून ऐकायची. तरुणपणी गावच्या इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये दर शनिवारी नाचलेली बाई ती. आठवड्यातला तेवढा एक तास ती कुणाची आई नसायची, कुणाची बायको नसायची.

"हा गेला आता कामातून," हेडली म्हणाला. "आयव्ही, मी तुला असा अ‍ॅम्प्लिफायर करून देतो, की ह्या डबड्याची तुला आठवणसुद्धा येणार नाही. व्हॉल्व्ह नाहीत, काही नाहीत. सगळे ट्रान्झिस्टर. ख्रिसमसपर्यंत वाजायला लागेल बघ."

"कुठल्या ख्रिसमसपर्यंत?" आयव्हीनं विचारलं.

बाई काही उगाच बोलत नव्हती. ख्रिसमस आला, गेला. पुढचाही गेला. बैठकीत जिथं रेडिओग्राम होता तिथं गालिचावर त्याच्या पायांचे चार खळगे तेवढे राहिले, आणि रविवारची दुपार घड्याळाच्या टिकटिकीत जायला लागली.

हेडली काही रिकामा बसला नव्हता. उलट मरमर मरत होता. एका इंग्लिश मासिकातला जोडणीचा नकाशा त्यानं घेतला होता. तांब्याच्या पत्र्याचा बोर्ड त्यानं स्वतः रंगवून, आम्लात बुडवून काढला. ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला, पहिला घुं घुं करायला लागला म्हणून उलगडून दुसऱ्यांदा गुंडाळला. मग अख्ख्या अ‍ॅम्प्लिफायरातच घरघर शिरली. ती कुठून येते हे शोधताना त्यानं अर्थिंगच्या तारा इतक्या वेळा काढून जोडल्या, की शेवटी त्याला डोळे मिटूनही डाख देता आला असता. सगळ्या तारा एकाच खिळ्यावर आणल्या तेव्हा कुठं घरघर थांबली. त्या दिवशी त्यानं शेडमधून अशी आरोळी ठोकली, की आयव्हीला वाटलं ह्याला साप चावला.

"ऐक! ऐक!" तो म्हणाला.

"काय ऐकू? काहीच वाजत नाहीये."

"तेच तर!"

ही माणसं अशी. काहीच वाजत नाही म्हणून आनंदानं नाचणारी. आयव्हीनं कपाळावर हात मारून घेतला आणि आत जाऊन पेस्टीच्या सारणासाठी शलगम चिरायला घेतले.

पण खरा छळ पुढेच होता, आणि तो आला उन्हाळ्याबरोबर. ह्या यंत्रात आवाजाची वरची बाजू एक ट्रान्झिस्टर उचलतो आणि खालची दुसरा. वर्कशॉपातल्या दोन पाळ्यांसारखं. आता पहिल्या पाळीचा माणूस भोंगा होताच निघून गेला आणि दुसरा अजून फाटकातच असला, तर मधे यंत्र बिनमाणसाचं राहतं. तसं होऊ नये म्हणून दोघांनाही थोडा थोडा प्रवाह सतत पाजत ठेवायचा, म्हणजे दोघंही जागे राहतात. तो किती पाजायचा हे ठरवायला एक इवलासा स्क्रू असतो. जास्त पाजला की ट्रान्झिस्टर तापतात. तापले की आणखी पितात, आणखी पिऊन आणखी तापतात, आणि मग ठस्स.

इंग्लिश मासिकानं जो आकडा दिला होता तो इंग्लंडातल्या हवेचा. आमच्याकडे ऐन उन्हाळ्यात, जानेवारीत, उत्तरेचा तापलेला वारा सुटला की पत्र्याच्या शेडमध्ये मेणबत्ती उभी राहत नाही. हेडलीचा पहिला जोड असाच गेला. पांढरा धूर, घाण वास, संपलं. ॲडलेडहून दुसरे मागवले, ते यायला महिना. तेही पुढच्या उन्हाळ्यात गेले. त्या दिवशी त्यानं पकड भिंतीवर फेकून मारली आणि कुत्रं दोन दिवस शेडकडे फिरकलं नाही.

"भिकारडी गोष्ट आहे ही!" तो त्याच्या दोस्ताला, लान्स हॉकिंगला म्हणाला. लान्स समोरच राहायचा. तोही वर्कशॉपातलाच, आणि त्याच्याही शेडमध्ये अर्धवट अ‍ॅम्प्लिफायर पडलेला. "मी रिव्हेट ठोकलेत रे आयुष्यभर. चाळीस टनाचा बॉयलर माझं ऐकायचा, आणि हा नखाएवढा तुकडा माझ्या डोक्यावर बसलाय."

"स्क्रू खाली पिळ ना मित्रा," लान्स म्हणाला. "त्यांना कमी पाज. उपाशी माणूस तापत नाही."

आणि हेडलीनं पिळला. दर उन्हाळ्यात जरासा आणखी, भीतीपोटी. त्याच्या मंडळातल्या सगळ्यांनीच तसंच केलं. आठ-दहा म्हातारे होते ते, सगळे बॉयलर-वर्कशॉपाचे. महिन्यातून एका शनिवारी इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये जमायचे, आपापली खोकी लावायचे आणि एकमेकांची वाहवा करायचे. एकमेकांच्या शेडमधली राख बघून सगळ्यांनी आपापले स्क्रू खाली पिळून ठेवलेले. खोकी थंडगार राहायला लागली. हेडलीचं खोकं तर इतकं थंड, की तो पाहुण्याचा हात धरून त्यावर ठेवायचा.

अखेर निवृत्तीनंतरच्या चौथ्या वर्षी, मार्चमधल्या एका रविवारी, तो अ‍ॅम्प्लिफायर बैठकीत आला. हेडलीनं शर्ट बदलला होता. आयव्हीची आवडती रेकॉर्ड त्यानं स्वतः पुसून लावली. बँड मोठ्यांदा सुरू झाला आणि खिडकीची तावदानं थरथरली. आयव्हीच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते बघून हेडलीच्या छातीवरून केवढं ओझं उतरलं काय सांगू. मग बँड थांबला आणि गाणारी बाई हळू आवाजात गायला लागली. आयव्हीचं हसू मावळलं.

"काय झालं?"

"काही नाही. चांगलंय."

"आयव्ही, काय झालं ते सांग."

"वाळू आहे रे त्यात," ती म्हणाली. "हळू आवाज आला की वाळू. कुणी दातांखाली चावतंय तशी."

"वाळू? कसली वाळू?"

"मला काय माहीत कसली? मी ऐकते ते सांगते."

हेडलीनं स्पीकरला कान लावला. स्वच्छ. मीटर लावला. स्वच्छ. सुई नवी घातली, रेकॉर्ड साबणानं धुतली, समोरून लान्सला बोलावून आणलं. लान्स डोळे मिटून ऐकत राहिला आणि म्हणाला, "लोण्यासारखं आहे. तुझ्या बायकोला हवंय तरी काय?"

"ऐकलंस?" हेडली आयव्हीला म्हणाला.

"ऐकलं. वाळूसकट."

त्या दिवसापासून घरात जे सुरू झालं त्याला भांडण म्हणायचं की आणखी काही, देव जाणे. आयव्हीनं एकदाही आवाज चढवला नाही. ती रेकॉर्डची फक्त एक बाजू ऐकायची, त्यातही गाणं हळू झालं की उठून स्वयंपाकघरात जायची. हेडलीला ते थोबाडीत मारल्यासारखं लागायचं. त्याची पक्की खात्री झाली, की ही बाई रेडिओग्रामचा सूड घेतेय. बरं, त्याचंही काही चूक म्हणता येत नाही. मीटर एक सांगतो, दोस्त तेच सांगतात, स्वतःचे कान तेच सांगतात, आणि एकटी बायको म्हणते नाही. अशा वेळी कुठला नवरा बायकोचं खरं मानतो? उलट तिचंही गाऱ्हाणं होतंच. "जेवायला चल म्हणून तीनदा ओरडले. हा ढिम्म. त्या खोक्याचं एक एक बटण ह्याला कळतं, माझं बोलणं तेवढं कळत नाही."

"तू पुटपुटतेस!" हेडली म्हणायचा. "नीट तोंड उघडून बोल ना!"

हे असंच चाललं असतं दोघांपैकी एक जण थडग्यात जाईपर्यंत. पण एप्रिलमध्ये मंडळाचा वार्षिक मेळावा आला, आणि हेडलीनं हट्टानं त्यात आपलं खोकं ठेवलं. वर्षातून एकदा ह्या मेळाव्याला बायकाही येतात. आमच्याकडची रीतच आहे, बाईनं येताना भरलेलं ताट आणायचं. कुणी सँडविच आणतं, कुणी खोबऱ्यात घोळलेले केक. बायका हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात ताटं मांडतात, मधल्या खिडकीतून बाहेर सरकवतात. पुरुष तोवर खुर्च्यांवर बसून स्वर्गीय चेहऱ्यानं रेकॉर्डी ऐकतात.

हेडलीनं आयव्हीची तीच रेकॉर्ड लावली. मुद्दामच. सगळ्यांसमोर एकदाच काय तो निकाल लागू दे, असं त्याच्या मनात. बँड वाजला, माना डोलल्या. मग ती हळू गाणारी बाई सुरू झाली. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. म्हणजे, निदान पुरुषांना तसं वाटलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून लान्सच्या बायकोनं, वर्नानं, डोकं बाहेर काढलं.

"अगं, तळण कुणी ठेवलंय?" तिनं मागे वळून विचारलं. "किती तडतडतंय!"

"इथं कुणी नाही तळत," आतून कुणीतरी म्हणालं. "मला वाटलं बाहेर तळताहेत."

"बाहेर कुठं? बाहेर तर हे लोक बसलेत."

एक एक करत पाच-सहा बायका खिडकीशी आल्या आणि कान टवकारून हॉलमध्ये बघायला लागल्या. आयव्ही सगळ्यांच्या मागे उभी होती. पण हेडलीनं तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा तोल सुटला.

"शिकवून आणलंस होय सगळ्यांना?" तो उभा राहून ओरडला. "चार वर्षं मी रक्त आटवलं, आणि तू ह्या बायकांना घेऊन माझा तमाशा करतेस?"

"मी कुणाला काही सांगितलं नाही, हेडली."

"मग ह्या सगळ्यांना कशी वाळू ऐकू येते? आणि आम्हाला एकालाही नाही? आम्ही दहा जण काय बहिरे आहोत?"

रेकॉर्ड संपली आणि सुई मधल्या खोबणीत फिरत राहिली. वर्नाला त्याची ती अवस्था बघवेना. काहीतरी विषय बदलायचा म्हणून बिचारी म्हणाली, "जाऊ दे रे. ऊन उतरलंय, आपण सगळे बाहेर अंगणात बसू. किडे केवढे गाताहेत आज."

"कुठले किडे?" लान्सनं विचारलं.

"अरे हे काय, गवतातले. ओरडून ओरडून उच्छाद मांडलाय."

लान्स हसला. "वेडी की काय? गव्हावर फवारणी करायला लागले तेव्हापासून किडे संपलेत मून्टातले. काय रे हेडली, आपण परवाच बोलत होतो ना? कित्येक वर्षांत एक किडा ओरडला नाही."

"संपलेच," दुसरा एक जण म्हणाला. "आमच्या अंगणात तर एकही नाही."

बायका आधी हसल्या. त्यांना वाटलं हे लोक गंमत करताहेत. मग त्यांनी आपापल्या नवऱ्यांच्या तोंडांकडे पाहिलं, आणि त्यांचं हसणं थांबलं. उघड्या दारातून किड्यांचा आवाज नुसता कोसळत होता. इतका, की आयव्हीला हळू बोलून चाललं नसतं. आणि ते दहा म्हातारे बायकांकडे टकामका बघत बसले होते.

"हेडली," आयव्ही म्हणाली, "आत्ता तुला काय ऐकू येतंय?"

"तू. तू बोलतेस ते."

"आणखी?"

त्यानं मान वाकडी केली. खूप वेळ लावला त्यानं. "काही नाही," तो म्हणाला. "शांत आहे सगळं."

वर्नानं तोंडावर हात ठेवला.

रिव्हेट मारताना बॉयलरच्या पोटात बसून कुणी आतून ठोकळा धरायचा आणि बाहेरून दुसऱ्यानं हातोडा घालायचा, हे काम ह्या सगळ्यांनी केलेलं. कानात कापूससुद्धा कुणी घातला नाही. बायकी वाटायचं ते. बारीक, उंच आवाज केव्हा गेले हे कुणालाच कळलं नाही, कारण सगळ्यांचे बरोबरच गेले. आणि मग ह्याच माणसांनी एकमेकांच्या अ‍ॅम्प्लिफायरची परीक्षा घेतली, एकमेकांना लोणी म्हटलं, आणि सगळे मिळून स्क्रू खाली पिळत राहिले. ट्रान्झिस्टर उपाशी राहिले, दोन पाळ्यांच्या मधे फट पडली, आणि हळू आवाजातली वाळू ती हीच.

हेडलीनं खोकं उचललं, तारा तशाच लोंबत होत्या, आणि तो चालत घरी गेला. कुणाचा निरोप घेतला नाही. आयव्ही मागून रिकामं ताट घेऊन आली. तीन दिवस त्यानं शेड उघडली नाही. ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहायचा. राग कुणावर काढायचा तेच त्याला कळत नव्हतं, आणि राग काढायला कुणी नसलं की माणूस फार केविलवाणा दिसतो. आयव्हीला तर स्वतःचीच चीड आली. इतकी वर्षं तिला वाटलं होतं, हा आपलं ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

चौथ्या दिवशी तीच ओट्यावर आली आणि ओरडली, अगदी पुढ्यात येऊन, तोंड उघडून. "चल शेडमध्ये! दर उन्हाळ्यात खाली पिळतोस तो स्क्रू कुठला ते दाखव!"

"कशाला?"

"मी ऐकते, तू पिळ."

"तापेल ते. पुन्हा जळेल."

"मग थंड ठेवायचं काहीतरी बघ! बॉयलरवाला ना तू?"

हे मात्र त्याला लागलं. दोन आठवडे खपून त्यानं मासळी साफ करायच्या जुन्या टेबलाचा जाड अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कापला, त्याला पंख बसवले आणि ट्रान्झिस्टर त्यावर घट्ट आवळले. केवढं मोठं झालं ते धूड! नखरेल असं काही राहिलंच नाही त्यात. मग रविवारी जेवणानंतर ते बैठकीत आलं. झाकण उघडं, हेडली गुडघ्यांवर, हातात बारीक स्क्रू-ड्रायव्हर. आयव्ही खिडकीशी. रेकॉर्ड हळू लावलेली.

"पिळू?"

"पिळ."

"आता?"

"आहे अजून."

"आता?"

"कमी झाली. अजून थोडं. अजून... हळू रे! हं. थांब."

हेडली थांबला. मीटरवरचा आकडा त्यानं दुसरा जोड जळाल्यापासून कधी जाऊ दिला नव्हता तिथं गेला होता. पत्र्यावर हात ठेवला तर ऊन लागत होता, पण सोसवत होता. गाणं त्याला पिळण्याआधी जसं ऐकू येत होतं अगदी तसंच आत्ताही ऐकू येत होतं. तसूभर फरक नाही.

"गेली?" त्यानं विचारलं.

"गेली."

"सगळी?"

"सगळी गेली, हेडली."

तो उठला नाही. तसाच जमिनीवर बसून राहिला, आणि त्याचं तोंड बघता बघता लाल झालं. "हे कसलं गं काम?" तो म्हणाला. "चार वर्षं. आणि झालं की नाही ते मला कळत नाही. तू गेली म्हणालीस म्हणून गेली. उद्या तू माझी दया येऊन खोटं बोललीस, तरी मला कळायचं नाही."

"मी आजवर कधी खोटं बोलले का ह्याच्याबद्दल? पहिल्या दिवसापासून तोंडावर सांगत आले ना?"

"आता बोलशील. आता तुला माहिती आहे ना."

आयव्ही उठली, सुई उचलून गाण्याच्या सुरुवातीला ठेवली आणि त्याच्याशेजारी गालिचावर बसली. ह्या वयात खाली बसायला तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला.

"ही बाई ओळ सुरू करायच्या आधी श्वास घेते," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "तुला आठवतं? आपण पहिल्यांदा ही रेकॉर्ड आणली तेव्हा तूच मला दाखवला होतास. मी विसरूनही गेले होते. वाळू होती तोवर मला तरी कुठं ऐकू येत होता? आज आला."

हेडलीला आठवलं. त्यानं डोळे मिटले आणि सगळा जीव कानात आणून तो त्या श्वासाची वाट बघत राहिला. बँड थांबला. आयव्हीनं त्याचा हात हळूच दाबला.

"आत्ता घेतला," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. पुढे ओळ सुरू झाली, तेव्हापासून त्याला ऐकू आलं.